वालुकाश्माची स्लाइड वाचताना: वाळू आली कुठून, साचली कुठे

मालवणची पुळण पांढरी, तर रत्नागिरीच्या आसपासच्या काही पुळणी काळ्या. समुद्र तोच, लाटा त्याच, पावसाळाही तोच. फरक मागच्या डोंगरांत आहे. रत्नागिरीच्या पाठीशी बेसाल्ट आणि त्यावरचा जांभा आहे, म्हणून तिथल्या वाळूत इल्मेनाइट हे काळे खनिज भरपूर. मालवण-वेंगुर्ल्याच्या पाठीशी ग्रॅनाइटी नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) आणि कलादगी या प्राचीन गाळाच्या खोऱ्यातले क्वार्ट्झाइट आहेत, म्हणून तिथे गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची, वाळू. उद्या या दोन्ही पुळणींचा दगड झाला, तर साचण्याची जागा एकच निघायला हवी आणि उगमक्षेत्रे दोन.

वालुकाश्म, म्हणजे वाळूचा झालेला दगड, आणि त्याची स्लाइड, म्हणजे काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासलेला काप, वाचण्याची सगळी शिस्त या उदाहरणात आहे. कण कशाचे आहेत, यावरून उगम कळतो. कणांचा आकार, गोलाई, मांडणी आणि थरांची रचना यांवरून साचण्याची जागा कळते. या दोन्हींवर तिसरा थर चढतो तो पुरल्यानंतरच्या बदलांचा, म्हणजे डायाजेनेसिसचा, आणि तो दोन्हींचा पुरावा पुसत जातो. वहीत पहिल्या दिवसापासून या तीन गोष्टींचे तीन रकाने ठेवा. चुकीचे निष्कर्ष बहुतेक वेळा एका रकान्याचा पुरावा दुसऱ्यात घातल्यामुळे निघतात: ‘क्वार्ट्झ ९५ टक्के, म्हणून समुद्रकिनारा’ हे त्यातले नेहमीचे.

पुण्याहून नमुना कुठला

पुण्याच्या खाली आणि चहूबाजूंना डेक्कन ट्रॅप, म्हणजे बेसाल्टचे थर, आहेत, वालुकाश्म नाही. दक्षिणेकडे कलादगी खोऱ्याचे खडक सिंधुदुर्गात फोंडा-कणकवलीच्या परिसरात दिसतात आणि पुढे कर्नाटकात बदामी-बागलकोटला मोठ्या प्रमाणावर उघडे आहेत. पूर्वेकडे चंद्रपूर-नागपूरच्या बाजूला गोंडवनाच्या गाळाच्या खडकांचे तालचीर, बराकर आणि कामठी हे गट आहेत. शिकणाऱ्याने शक्यतो दोन्हीकडचे नमुने घ्यावेत. कलादगीचा वालुकाश्म गारगोटीने भरलेला, गोंडवनातला बराकर फेल्डस्पारयुक्त (फेल्डस्पार हे ग्रॅनाइट-बेसाल्टमधले, क्वार्ट्झपेक्षा लवकर कुजणारे खनिज). शेजारी शेजारी ठेवले की डोळा लवकर तयार होतो.

या आधी एक आठवडा मुळा-मुठेच्या वाळूवर द्या. मूठभर वाळू धुऊन, वाळवून, एपॉक्सीत बसवून तिची स्लाइड करा. जवळजवळ सगळे कण बेसाल्टचे तुकडे दिसतील: प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारच्या काड्यांचे जाळे, मधे पायरॉक्सीन हे गडद खनिज आणि काळी अपारदर्शक खनिजे. शिवाय झिओलाइट, कॅल्साइट आणि बेसाल्टच्या पोकळ्यांतून सुटलेले कॅल्सेडनी (तंतुमय क्वार्ट्झ). ज्वालामुखी खडकाचा तुकडा कसा दिसतो, याची इतकी स्वस्त आणि खात्रीची संदर्भ-स्लाइड दुसरी नाही. आणि एक सापळाही इथेच कळतो. बारीक स्फटिकांचा क्वार्ट्झ दिसला की नवशिके तो चर्ट, म्हणजे गाळात तयार झालेला बारीक क्वार्ट्झचा खडक, समजतात आणि ‘जुना गाळाचा खडक झिजला’ असे लिहून टाकतात. भीमेच्या खोऱ्यातल्या वाळूत तो कण पोकळीतल्या कॅल्सेडनीचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त. क्रॉस निकोलखाली (सूक्ष्मदर्शकाचे दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात ठेवून) पंख्यासारखे पसरलेले तंतू दिसले तर कॅल्सेडनी, सुईच्या टोकांसारखे सारखे ठिपके दिसले तर चर्ट. दोन्हींची नोंद वेगळी ठेवा.

जागेवर

साचण्याच्या जागेचा निम्म्याहून जास्त पुरावा उघड्या खडकातच असतो. स्लाइडमध्ये तो येत नाही. हातोडी काढण्याआधी थरांचा क्रम मोजून काढा: प्रत्येक थराची जाडी सेंटिमीटरमध्ये, कणांचा आकार वर जाताना बारीक होतो की जाड, खालचा तळ सपाट की खणलेला. तिरके थर, त्यांची उंची, तरंगचिन्हे सममित आहेत की एका बाजूला कललेली, चिखलाच्या भेगा, मुळांच्या खुणा, बिळे. समोरासमोर कललेले तिरके थर एकाआड एक आले तर भरती-ओहोटीचा विचार करा. तळाला खणलेली जागा, त्यावर खडे, वर बारीक होत गेलेली वाळू आणि शेवटी गाळ, असा क्रम पुन्हा पुन्हा आला तर नदीचा.

जुन्या प्रवाहाची दिशा मोजताना एका जागी किमान २० ते २५ तिरक्या थरांची नती (कल आणि त्याची दिशा) घ्या. ५-६ मापांवरून काढलेली दिशा बहुधा एकाच वळणाची असते. मूळ थर १० अंशांहून जास्त कलले असतील तर तो कल काढून टाकल्याशिवाय दिशा लिहू नका. कलादगीत हे फार महत्त्वाचे: वरचा बदामी गट जवळजवळ आडवा आहे, पण विसंगतीखालचा, म्हणजे झिजेने पडलेल्या खंडाखालचा, बागलकोट गट घड्यांत मुडपलेला आहे. दोन्हीकडची मापे एकाच गुलाब-आकृतीत (दिशांच्या वर्तुळाकार आलेखात) टाकली तर ती आकृती कशाचीच राहत नाही.

नमुना ताजा हवा. वरचा विदारित (ऊन-पावसाने कुजलेला) थर फोडून आतला, साधारण १० × १० × ६ सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि त्यावर वरची बाजू दाखवणारा बाण लगेच काढा. विदारित नमुन्यातले फेल्डस्पार आधीच मातीचे झालेले असतात. ते आजच्या पावसाचे काम, प्राचीन हवामानाचे नाही. सगळे नमुने शक्यतो मध्यम वाळूचे, म्हणजे ०.२५ ते ०.५ मिमीचे घ्या. जाड वाळूत खडकांचे तुकडे जास्त टिकतात, बारीक वाळूत ते फुटून सुटी खनिजे होतात. एक नमुना जाड आणि दुसरा बारीक घेतला की फरक उगमाचा की आकाराचा, हे सांगता येत नाही.

बदामीच्या लेण्यांच्या परिसरात हातोडी अजिबात नको, संरक्षित स्मारक आहे. तिथे फोटो आणि मापे घ्यायची. नमुना दूरच्या, परवानगी असलेल्या दगडखाणीतून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरईजवळ तालचीरखालच्या चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत. तेही फक्त पाहण्यासाठी.

स्लाइड करताना

थरांना लंब काप घ्या, नाहीतर लॅमिनेशन (पातळ पापुद्रे) आणि प्रतवारी दिसत नाही. नमुना ५० ते ६० अंश सेल्सियसला रात्रभर सुकवा. पुण्याच्या पावसाळ्यात ही पायरी टाळली तर ओलाव्यामुळे एपॉक्सी दुधाळ होते. यापेक्षा जास्त तापवू नका, जिप्समसारखी खनिजे पाणी सोडून बदलतात. ठिसूळ नमुन्यात निळा रंग मिसळलेली एपॉक्सी निर्वातात मुरवा. नंतर निळे दिसेल ते छिद्र. निळा रंग नसेल तर छिद्र हे मूळचे की घासताना कण उपटून झालेले, हे ओळखणे कठीण.

काप काचेवर चिकटवून सिलिकॉन कार्बाइडच्या चढत्या पुडींवर ३० मायक्रॉनपर्यंत घासा. मापक सोपा आहे: क्रॉस निकोलखाली क्वार्ट्झ राखाडी-पांढरा दिसला पाहिजे. पिवळसर झाक आली तर स्लाइड अजून जाड. गर्द राखाडी झाला तर जास्त घासली गेली. चिखलाचे प्रमाण जास्त असेल तर पाण्याऐवजी केरोसीन वापरा, फुगणारी चिकणमाती पाण्यात सुटून जाते.

पुण्यातल्या प्रयोगशाळांत बहुतेक स्लाइडी बेसाल्टच्या होतात. त्याच काचेवर, त्याच पुडीने वालुकाश्म घासला की बेसाल्टची भुकटी छिद्रांत अडकते आणि मोजताना ‘पायरॉक्सीन’ मिळते. काच वेगळी ठेवा, पुडी ताजी घ्या. छिद्रातच बसलेला, धारदार कडांचा, फार उठून दिसणारा कण बहुतेकदा कार्बाइडचाच असतो.

कव्हर स्लिप लावू नका, कारण पुढे रंग द्यायचा आहे. जुळ्या स्फटिकांचे पट्टे नसलेला फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ रंगाशिवाय ओळखताना अनुभवी माणूसही चुकतो. पोटॅश फेल्डस्पारसाठी हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ काही सेकंद, मग सोडियम कोबाल्टिनायट्राइटचे संपृक्त द्रावण साधारण एक मिनिट: पिवळा रंग येतो. प्लॅजिओक्लेजसाठी बेरियम क्लोराइडमध्ये बुडवून, धुऊन, पोटॅशियम ऱ्होडिझोनेटचे ताजे द्रावण: लालसर रंग. निव्वळ अल्बाइटमध्ये कॅल्शियम नसल्याने तो रंग घेत नाही, म्हणून रंग न आलेला प्रत्येक कण क्वार्ट्झ मानू नका. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करते. फ्यूम हूड, योग्य हातमोजे आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, आणि प्रशिक्षित माणूस समोर, यांतले काहीही कमी असेल तर हे काम करू नका. कार्बोनेट सिमेंटसाठी अॅलिझरिन रेड एस पुरते: १.५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलीत ०.२ ग्रॅम. कॅल्साइट लाल-गुलाबी होते, डोलोमाइट तसेच राहते.

पहिली नजर: पोत

मोजायला बसण्याआधी कमी भिंगाखाली अर्धा तास नुसते बघा. सॉर्टिंग (कण किती एकसारख्या आकाराचे आहेत), गोलाई, कणांचे एकमेकांशी संपर्क, आणि मधल्या जागेत काय भरले आहे. गोलाईसाठी १९५३ चा पॉवर्सचा तक्ता घ्या. सॉर्टिंग फोक आणि वॉर्ड यांच्या १९५७ च्या मापाने: ०.३५ फायच्या (कणांच्या आकाराच्या लॉग मापकाच्या) आत म्हणजे अतिशय चांगले, १ च्या पुढे वाईट. गोलाई बघताना क्वार्ट्झवरची सिमेंटची वाढ वगळा. मूळ कणाच्या कडेला धुळीची बारीक रेघ असते, त्या रेघेच्या आतला आकार खरा. बाहेरची टोकदार कड जमिनीखाली तयार झालेली असते आणि तिच्यामुळे वाळवंटातला गोल कणही कोनीय भासतो.

पोतावरून थेट जागा सांगण्याची घाई नको. गोल, एकसारखे कण चिखलात रुतलेले दिसले तर पोतातच विसंगती आहे: किनाऱ्याची किंवा वाऱ्याची वाळू वादळाने शांत पाण्यात नेली, किंवा बिळे करणाऱ्या प्राण्यांनी थर कालवले. स्लाइडमधले काही थोडे घटक मात्र जागेबद्दल ठामपणे बोलतात. ग्लॉकोनाइट हे हिरवे खनिज समुद्राचे. पण ते गोल, कडेने तपकिरी झालेले आणि क्वार्ट्झच्याच आकाराचे असेल, तर ते जुन्या खडकातून वाहून आलेले असू शकते. शंख-शिंपल्यांचे तुकडे, ऊइड (चुन्याचे गोल दाणे) यांनाही हाच निकष. कणांभोवती चिकणमातीचे पातळ, एका बाजूला जाड असलेले वेष्टन म्हणजे वरून पाणी झिरपत होते, जमीन उघडी होती. सुटे अभ्रक भरपूर असेल तर पाणी मंद, कारण लाटांच्या माऱ्यात अभ्रक मागे राहत नाही.

बिंदू-मोजणी

स्लाइडवर ठरावीक अंतरावर बिंदू घेऊन प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते नोंदायचे; त्यासाठी गझी-डिकिन्सन पद्धत वापरा. नियम एकच: क्रॉसहेअरखाली जे आहे ते मोजायचे, आणि खडकाच्या तुकड्यातला स्फटिक ०.०६२५ मिमीहून मोठा असेल तर तो खनिज म्हणून नोंदायचा, तुकडा म्हणून नाही. मंचर-जुन्नर पट्ट्यातल्या मोठ्या प्लॅजिओक्लेजच्या बेसाल्टचा कण समोर आला असे समजा. क्रॉसहेअर मोठ्या प्लॅजिओक्लेजवर पडला तर ‘प्लॅजिओक्लेज’, बारीक काड्यांच्या जाळ्यावर पडला तर ‘ज्वालामुखी तुकडा’. कण तोच, नोंद वेगळी. या नियमामुळे कणाच्या आकाराचा परिणाम बराच कमी होतो, जात नाही. फोकच्या वालुकाश्म-वर्गीकरणासाठी मोजायचे असेल तर तुकडा पूर्ण तुकडा म्हणून मोजला जातो. म्हणून एका पद्धतीचे आकडे दुसऱ्या पद्धतीच्या त्रिकोणात (क्वार्ट्झ, फेल्डस्पार, खडकांचे तुकडे या तीन टोकांच्या आलेखात) टाकू नका. ही चूक छापील कामांतही सापडते.

दोन बिंदूंमधले अंतर सर्वांत मोठ्या कणापेक्षा जास्त हवे, नाहीतर एकच कण दोनदा येतो. मध्यम वाळूला ०.५ मिमी पुरते. २५ मिमीच्या ओळीत ५० बिंदू बसतात, अशा ११ ओळींत ५५०. त्यांतून सिमेंट, मॅट्रिक्स (कणांमधला बारीक गाळ) आणि छिद्रे वजा करून ४०० सांगाड्याचे कण मिळावेत हे लक्ष्य. कमी पडले तर आणखी एक ओळ घ्या.

समजा ४०० कण असे आले: एकस्फटिकी क्वार्ट्झ २३६, बहुस्फटिकी क्वार्ट्झ १२, पोटॅश फेल्डस्पार ९६, प्लॅजिओक्लेज ४०, ज्वालामुखी तुकडे २, गाळाच्या खडकांचे ४, रूपांतरित १०. एकूण क्वार्ट्झ २४८ म्हणजे ६२ टक्के, फेल्डस्पार १३६ म्हणजे ३४, तुकडे १६ म्हणजे ४. याच पद्धतीच्या दुसऱ्या त्रिकोणात बहुस्फटिकी क्वार्ट्झ तुकड्यांत जातो: ५९, ३४, ७. आता चूक किती? टक्केवारी गुणिले १०० वजा टक्केवारी, भागिले एकूण बिंदू, त्याचे वर्गमूळ, त्याची दुप्पट. फेल्डस्पारला ही चूक साधारण ४.७ येते, तुकड्यांना २. म्हणजे शेजारच्या नमुन्यात फेल्डस्पार ३१ आला तर त्यावरून उगम बदलल्याची कथा रचायला जागा नाही.

हे आकडे डिकिन्सन आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या त्रिकोणात खंडीय उगमाच्या पट्ट्यात पडतात, आणि प्लॅजिओक्लेजपेक्षा पोटॅश फेल्डस्पार दुपटीहून जास्त असल्याने ग्रॅनाइट-नाइसची पायाभूमी जवळ होती असे वाटते. पण त्रिकोण हा शेवटचा शब्द नाही. उष्ण, दमट हवामानात फेल्डस्पार उगमाजवळच कुजतो आणि बिंदू क्वार्ट्झच्या टोकाकडे सरकतो. हवामानाचा हा परिणाम सटनर आणि दत्ता यांनी १९८६ मध्ये दाखवला, तो गोंडवनाच्या वालुकाश्मांच्या आधारे. तालचीरसारख्या हिमकाळातल्या खडकात ताजा फेल्डस्पार मिळतो तो याच कारणाने.

कण बोलते करणे

मोजणीनंतर १०० क्वार्ट्झ कण वेगळे तपासा. स्टेज फिरवताना ५ अंशांच्या आत पूर्ण काळोख झाला तर सरळ, त्याहून जास्त लागले तर लहरी. बहुस्फटिकी कणात २-३ स्फटिक की त्याहून जास्त, हेही लिहा. बसू आणि सहकाऱ्यांच्या १९७५ च्या आकृतीत हे चार आकडे टाकले की ग्रॅनाइटी उगम आणि कमी दर्जाच्या रूपांतरित खडकांचा उगम वेगळे पडतात. लांबट, दातेरी कडांचे स्फटिक आणि मधे अभ्रक असेल तर शिस्ट. बुडबुड्यांनी धुरकट असेल तर शिरेतली गारगोटी. स्वच्छ, सरळ काळोखाचा, कडेला खाचा पडलेला कण ज्वालामुखीचा. पण खडक स्वतः दाबाखाली आला असेल, तर साचल्यानंतरच सगळा क्वार्ट्झ लहरी होतो. बागलकोट गटात ही शंका आधी फेडा: सिमेंटची वाढही कणाबरोबरच लहरत असेल तर ताण नंतरचा, आणि ही आकृती तिथे वापरू नये.

फेल्डस्पारमध्ये चौकडीची जुळी म्हणजे मायक्रोक्लाइन, ग्रॅनाइट-नाइसची खूण. पट्टेदार वलये असलेला प्लॅजिओक्लेज बहुधा ज्वालामुखीचा. एकाच स्लाइडमध्ये ताजा आणि कुजलेला फेल्डस्पार शेजारी दिसला तर उताराच्या जागी माती आणि कोरा खडक एकदमच झिजत होता.

पुरल्यानंतर काय हरवले

फेल्डस्पारचा नुसता जाळीदार सांगाडा उरलेला दिसला, तर तो तसा वाहून येऊच शकत नाही, वाटेत चुरा झाला असता. म्हणजे तो जमिनीखाली विरघळला, आणि मोजणीत त्याला फेल्डस्पारच धरायला हवे. कणापेक्षा मोठी छिद्रे, शेजारी केओलिनाइट या चिकणमाती-खनिजाच्या वहीसारख्या थप्प्या, कॅल्साइटने गिळलेल्या कणांच्या अस्पष्ट कडा: हे सगळे हरवलेल्या कणांचे ठसे आहेत. त्यांचा वेगळा रकाना मोजा आणि दोन टक्केवाऱ्या द्या, एक दिसते तशी, एक दुरुस्त केलेली. आज क्वार्ट्झ अॅरेनाइट (जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झचा वालुकाश्म) वाटणारा खडक मुळात आर्कोजच्या (फेल्डस्पारने भरलेल्या वालुकाश्माच्या) जवळचा असू शकतो.

मऊ तुकडे दाबाखाली कडक कणांमध्ये चेपले जातात आणि मॅट्रिक्ससारखे दिसतात. अशा भासमान मॅट्रिक्सची कड कणांभोवती वळलेली असेल आणि आत जुन्या तुकड्याचा पोत दिसत असेल, तर तो तुकडाच. तो मॅट्रिक्समध्ये टाकला की मॅट्रिक्स १५ टक्क्यांची रेघ ओलांडते, खडक वॅके (चिखलयुक्त वालुकाश्म) ठरतो, आणि नदीच्या वाळूला खोल समुद्रातल्या गढूळ प्रवाहांचा इतिहास चिकटतो.

जड खनिजे

क्वार्ट्झ-फेल्डस्पारपेक्षा जड असलेली थोडी खनिजेही उगम सांगतात. त्यांच्यासाठी ६३ ते १२५ मायक्रॉनचा भाग वेगळा करा. कार्बोनेट सिमेंट सौम्य अॅसेटिक आम्लाने सोडवा, हायड्रोक्लोरिक आम्लात अॅपेटाइटही जाते. ब्रोमोफॉर्म विषारी आहे, त्याऐवजी सोडियम पॉलिटंगस्टेट २.८५ ते २.९ घनतेवर वापरा आणि धुण्यासाठी फक्त डिस्टिल्ड पाणी घ्या. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम साका पाडते आणि महागडे द्रावण वाया जाते. २०० पारदर्शक कण मोजा. झिरकॉन, टुर्मलीन आणि रुटाइल मिळून किती टक्के, हा झेडटीआर निर्देशांक वाळू किती मुरलेली आहे हे सांगतो. पायरॉक्सीन आणि अॅम्फिबोल खोल पुरल्यावर आधी जातात, म्हणून त्यांच्या अभावावरून ‘बेसाल्ट नव्हता’ असे म्हणता येत नाही.

उगम ठरवताना झिरकॉनच्या वयांवर सगळा भार टाकण्याची हल्ली सवय झाली आहे. बेसाल्ट झिरकॉन जवळजवळ देतच नाही. उगमाचा अर्धा भाग बेसाल्टचा असला तरी झिरकॉनच्या आलेखात तो दिसणार नाही, पण स्लाइडमधले दोन-चार काड्यांचे तुकडे त्याची साक्ष देतील.

अहवाल लिहिताना तिन्ही रकाने वेगळेच ठेवा. उगम: कोणते कण, किती टक्के, चूक किती, प्रवाहाची दिशा त्या डोंगराकडून येते का. जागा: थरांचा क्रम, रचना, पोत, सूचक घटक. पुरण: काय विरघळले, काय वाढले, कोणत्या क्रमाने. प्रवाहाची दिशा पश्चिमेकडून आणि ज्या खडकाचे तुकडे मिळाले तो पूर्वेला, असे झाले तर आधी नतीची दुरुस्ती तपासा, मग तुकड्यांची ओळख, आणि तरीही जुळले नाही तर तो विरोध जसाच्या तसा लिहा. दुसऱ्या माणसाकडून दर दहा स्लाइडींपैकी एक पुन्हा मोजून घ्या आणि दोघांचे आकडे तक्त्यात शेजारी छापा.